पहिली रांग

पहाटेचे चार वाजून गेले होते. केरळातल्या कण्णूर शहरापासून बरंच आत, माड आणि काजूच्या गर्दीत एक काव आहे. काव म्हणजे देवराई आणि तिच्यातलं छोटंसं देवस्थान. तांबड्या मातीचं अंगण, कडेला झावळ्यांचा मांडव, एक भगभगीत ट्यूबलाइट आणि तिला झोंबणारे किडे. चेंडे, म्हणजे तिथले ढोल, इतक्या जवळ वाजत होते की दणका थेट छातीत बसत होता. तेय्यमच्या, म्हणजे देवाचं रूप घेऊन नाचणाऱ्या माणसाच्या, डोक्यावर मुडी, म्हणजे तो अजस्र मुकुट, चढवायची वेळ झाली, तशी चार-पाच माणसं पुढे सरसावली आणि आम्ही सगळेच टाचा उंचावून बघायला लागलो. माझ्या पुढ्यात एक आजी उभ्या होत्या. पांढरं मुंडू, खांद्यावर पंचा, मुठीत चुरगळलेली नोट. माझ्या शेजारी हातभर लेन्स लावलेला एक तरुण होता. त्याने आजींच्या खांद्याला हलकेच हात लावला, "प्लीज अम्मा" म्हणाला आणि बोटानेच खूण केली, जरा तिकडे. आजींनी वळून त्याच्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे दोन पावलं बाजूला झाल्या. त्याला फोटो मिळाला. मलाही समोरचं छान दिसायला लागलं.

कोणाचंच काही बिघडलं नाही. तरी ती दोन पावलं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

तो मुलगा उद्धट नव्हता. खरं तर मला भेटलेल्या फोटोवाल्यांमध्ये तो सभ्यच म्हणायचा. देवस्थानच्या समितीच्या माणसांनी त्याला हटकलं नाही, आजींच्या चेहऱ्यावरही राग नव्हता. पण मी रात्रीची झोप सोडून तिथे गेले होते ती मुळी अशा आज्या जिथे पहिल्या रांगेत असतात तिथे जायचं म्हणून. टुरिस्टांसाठी नसलेलं काहीतरी बघायचं, हा माझा हट्ट. हा हट्ट तसा सार्वत्रिक आहे. प्रत्येक टुरिस्टाला वाटतं की आपण सोडून बाकीचे टुरिस्ट आहेत. पण गंमत बघा, किल्ला बघताना हा हट्ट कुणी धरत नाही. किल्ला आपण गेलो काय, न गेलो काय, जागच्या जागी उभाच असतो. समुद्रही तसाच. नाच मात्र कुणीतरी आपल्यासमोर करत असतं, घामाघूम होत असतं, आणि मग मनात शंकेची पाल चुकचुकते: आपण आलो नसतो तर हे झालं असतं का? झालं असतं तर ते अस्सल. नसतं झालं तर आपली फसवणूक. इतका सोपा हिशोब मीही कित्येक वर्षं करत आले आहे.

कण्णूरला जाण्याआधी आम्ही, म्हणजे मी आणि माझी मैत्रीण, फोर्ट कोचीत कथकळी पाहिली होती. छोटंसं सभागृह, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर कथेचा सारांश छापलेला कागद. खेळाच्या आधी रंगरंगोटी बघायला मिळते, म्हणून लोक लवकर येऊन बसलेले. स्टेजवर चटई, चटईवर नट उताणा पडलेला आणि त्याच्या डोक्याशी मांडी घालून चुट्टी लावणारा. तांदळाचं पीठ आणि चुना कालवून केलेला लगदा तो जबड्याच्या कडेने बोटाने ओढत होता, मग पांढऱ्या जाड कागदाची कापलेली पट्टी त्यात रुतवत होता. नटाचे डोळे मिटलेले. झोपला असावा. समोरच्या खुर्च्यांवरून निदान वीसेक फोन त्याच्या चेहऱ्यावर रोखलेले होते आणि हा बाबा मस्त घोरण्याच्या बेताला आलेला. नंतर उठून बसला, रानवांग्यासारख्या एका झाडाच्या फुलातला बारीक दाणा तळहातावर चोळून त्याने पापणीखाली सरकवला आणि बुबुळं गरागरा फिरवायला लागला. पाहता पाहता डोळ्यांतला पांढरा भाग लाल झाला. हिरव्या चेहऱ्यातले ते लाल डोळे एकदा आमच्या रांगेवरून फिरले, तेव्हा आमच्या पुढच्या खुर्चीवरचं एक पोर आईच्या कुशीत शिरलं.

खेळ तासाभराचा. सौगंधिक फुलांच्या शोधात रानात निघालेला भीम. वाटेत त्याला दिसतं की एका हत्तीला अजगराने विळखा घातलाय आणि वरून सिंहही तुटून पडलाय. हत्ती, अजगर, सिंह आणि हे सगळं बघणारा भीम, असे चौघेही तो एकटा नट आळीपाळीने होतो. रात्रभर चालणाऱ्या खेळात हा प्रसंग ऐसपैस रंगवतात. इथे त्याला काही मिनिटं मिळाली. मैत्रीण कानात पुटपुटली, "कापून कापून दिलंय गं. टुरिस्टांसाठी." मी मान डोलावली. आणि नेमकी तेव्हाच एक गोष्ट माझ्या नजरेला पडली. अजगराचा विळखा आवळताना नटाने बोटांचं काहीतरी वेगळंच केलं, एक जास्तीची वळणदार लकेर घेतली. चेंडेवाल्याने ती अलगद पकडली, काठी एकदा कडेवर टिचकावली आणि दोघांची नजरानजर झाली. चेंडेवाला हसला. सभागृहातल्या शंभरेक माणसांपैकी एकालाही कळलं नाही की आत्ता काय घडलं. मलाही नाही. चूक सावरली की खास जागा घेतली, तेवढंसुद्धा मी सांगू शकत नाही.

त्यांचं त्यांचं काहीतरी चाललं होतं. आमच्या देखत, पण आमच्यासाठी नव्हे.

तेव्हापासून मी हिशोब जरा वेगळा मांडायला लागले. हा नट ज्या तालमीतून येतो ती कोवळ्या वयात सुरू होते. पहाटे उठून डोळ्यांचे व्यायाम, पावसाळ्यात तेल लावून जमिनीवर पालथं पडायचं आणि आशान, म्हणजे गुरुजी, पायांनी अंग तुडवून काढणार. हे सगळं तो खुर्च्यांवरच्या कागदी सारांशासाठी शिकलेला नाही. आणि कथकळीचं जुनं, मूळ, निर्मळ रूप म्हणून मी जे डोक्यात धरून बसले होते, तेही काही आभाळातून पडलेलं नाही. जमीनदारांची घरं आणि देवळांचा आश्रय आटत चालला होता तेव्हा वळ्ळत्तोळ नारायण मेनन या कवीने पैसे उभे करायला चक्क लॉटरी काढली आणि 1930 साली केरळ कलामंडलम ही कथकळी शिकवणारी संस्था सुरू झाली. आज ज्या कथकळीला आपण अस्सल म्हणतो तिच्यामागे लॉटरीची तिकिटं आहेत. तिकीट काढून बघितलेल्या खेळाला नाक मुरडताना हे आठवलं की नाक जागेवर येतं.

बालीत माझी याहून फजिती झाली होती. उलुवातूच्या कड्यावर, सूर्य समुद्रात उतरत असताना केचक बघायचा, हे बालीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत असतं, माझ्याही होतं. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, उघड्या अंगाचे पुरुष गोल करून बसलेले, मध्ये दिव्यांचं झाड. एकही वाद्य नाही. नुसता 'चाक-चाक-चाक' असा गळ्यातून काढलेला आवाज, एका गटाच्या ठेक्याच्या फटीत दुसऱ्या गटाचा ठेका बसवलेला, आणि त्यात सीता, रावण, पेटत्या गवतातून उड्या मारणारा हनुमान. अंगावर सरसरून काटा आला. वाटलं, हजार वर्षांपूर्वीचं काहीतरी आपल्यासमोर जागं झालंय. मुक्कामी परतल्यावर वाचलं तर काय, केचकला हे रूप मिळालं 1930च्या दशकात. वाल्टर श्पीस हा बालीत राहणारा जर्मन चित्रकार आणि वायान लिंबाक हा तिथला नर्तक, या दोघांचा त्यात मोठा हात. पुरुषांचा तो कोरस जुना होता, पण तो होता सांघ्यांग नावाच्या विधीतला: गावात रोगराई पसरली की मुलींच्या अंगात यायचं आणि पुरुष भोवती बसून हा नाद धरायचे. त्यातला नाद उचलून रामायणाला जोडला आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना दाखवता येईल असा खेळ तयार झाला. माझं तोंड आंबट झालं. अंगावर आलेला काटा परत घ्यायची सोय असती तर मी त्या रात्री घेतला असता.

पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी तिथल्या घरमालकांशी बोलताना कळलं की त्यांचे आजोबा केचकमध्ये बसायचे, वडील बसायचे, ते स्वतः आठवड्यातल्या ठराविक संध्याकाळी बसतात आणि थोरला मुलगा आता बसायला लागलाय. पैसे गावाच्या समाईक खात्यात जातात, त्यातून देवळाची डागडुजी होते. तिकिटाच्या पैशांतून देऊळ आणि देवळात पुन्हा वेगळा नाच, ज्याला तिकीट नाही. आता यातलं खोटं नेमकं कुठे सुरू होतं, ते मला काही केल्या दाखवता येईना. शिवाय, बालीच्या नाचाकडे जगाचं लक्ष गेलं ती कथाही फार गोड नाही. 1906 साली डच फौजांनी बालीतल्या बादुंग राज्यावर चढाई केली तेव्हा राजघराण्यातली माणसं पांढरी वस्त्रं नेसून बंदुकांसमोर चालत गेली आणि मारली गेली. त्याची नाचक्की जगभर झाली. पुढच्या वीसेक वर्षांत त्याच डच राजवटीतल्या आगबोटी टुरिस्ट आणत होत्या आणि बाली म्हणजे नाचणाऱ्या, हसऱ्या माणसांचं बेट अशी जाहिरात होत होती. 1931 साली बालीचे नर्तक पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनात नाचून आले. म्हणजे माझ्यासारखी 'काहीतरी अस्सल बघायचंय' म्हणणारी माणसं तिथे शंभर वर्षं येताहेत आणि बालीतली माणसं शंभर वर्षं त्यांना तोंड देताहेत.

कसं तोंड दिलं, ते मात्र मला भारी आवडलं. 1971 साली तिथल्या जाणत्या मंडळींनी देनपसारला बैठक भरवली आणि नाचांची सरळ तीन गटांत वाटणी केली. वाली, म्हणजे देवळाच्या आतल्या चौकात, विधीचा भाग म्हणून व्हायचे नाच. बबाली, मधल्या चौकातले, विधीच्या सोबतीने होणारे. आणि बालिह-बालिहान, बाहेरच्या अंगणात, करमणुकीचे. 2015 साली युनेस्कोने बालीचे नाच आपल्या यादीत घेतले तेही या तीन गटांनुसारच. पेंडेत हा देवांच्या स्वागताचा नाच. तो हॉटेलात पाहुण्यांपुढे व्हायला लागला तेव्हा लोकांना खटकलं, म्हणून पाहुण्यांच्या स्वागतासाठी त्याच्याच वळणाचा पन्यंब्रामा हा निराळा नाच बसवला गेला. देवांचा देवांना, पाहुण्यांचा पाहुण्यांना. वाटणी शंभर टक्के पाळली जाते असं नाही. पैसा कुठल्याही कुंपणातून आत येतोच. पण त्या बैठकीत त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा शहाणा होता. नाच खरा की खोटा, याच्या नादी ते लागले नाहीत. कुठला नाच कोणासमोर करायचा, एवढंच त्यांनी ठरवलं.

तुर्कस्तानातल्या कोन्याला मी गेलेली नाही, पण हे सगळं मनात घोळत असताना कोन्याची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवायची. मौलाना रूमींच्या परंपरेतले दरवेशी पांढऱ्या घेरदार झग्यात गोल गोल फिरतात, तो समा. 1925 साली तुर्की प्रजासत्ताकाने कायदा करून दरवेशींचे सगळे मठ बंद केले. समाही त्याबरोबर गेला, निदान उघड्यावरून तरी. 1950च्या दशकात तो परत लोकांसमोर आला तो सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून, रूमींच्या पुण्यतिथीच्या सुमाराला, डिसेंबरात, खुर्च्यांवर बसलेल्या प्रेक्षकांपुढे. उपासना करायची तर बंदी, खेळ करायचा तर परवानगी. मग फिरणाऱ्यांनी खेळ केला. आता त्या सभागृहात मागच्या रांगेत बसून कुणी म्हणालं असतं, 'छे, हे टुरिस्टांसाठी केलेलं आहे', तर ते अगदी खरं होतं. आणि समोर फिरणाऱ्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांमागे काय चाललं होतं ते त्यालाच ठाऊक.

एक गोष्ट मात्र मला अजूनही पचत नाही, आणि तिथे मी मोठं मन वगैरे दाखवणार नाही. केरळातल्याच एका रिसॉर्टमध्ये आम्ही चहापुरत्या थांबलो होतो. स्वागतकक्षात तेय्यमचा पूर्ण साज चढवलेला एक माणूस उभा. ढोल नाही, दिवा नाही, तोट्टम, म्हणजे देवाची गाणी, नाहीत. पाहुणे आले की त्याने दोन गिरक्या घ्यायच्या आणि शेजारी उभं राहून फोटो काढू द्यायचे. पाटीवर 'अस्सल केरळ अनुभव' अशी अक्षरं. कोचीच्या सभागृहाने मला कधीच सांगितलं नव्हतं की तू देवळात आहेस. 'हा खेळ, हे तिकीट, एवढ्या वाजता संपेल.' त्यात एक सचोटी होती. या स्वागतकक्षात सचोटी नव्हती. केरळमध्येही तेय्यम असं मिरवणुकांत, हॉटेलांत उभं करण्यावरून वाद होतात, आणि आक्षेप घेणाऱ्यांत भाविक असतात तसे स्वतः तेय्यम करणारेही असतात. तो माणूस तिथे का उभा होता हे समजायला काही फार अक्कल लागत नाही. घर चालवायचं असतं. माझा राग त्या पाटीवर होता.

तर, कण्णूर. तेय्यमचा हंगाम तुलाम या मल्याळी महिन्याच्या दहाव्या दिवसापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून, पावसाच्या तोंडापर्यंत. कुठल्या कावात कधी, हे त्या त्या देवस्थानचं आणि घराण्याचं गणित. काही ठिकाणी दरवर्षी, काही ठिकाणी मोठा सोहळा बारा-बारा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा. आमच्या मुक्कामाच्या घरच्या चेचींनी, म्हणजे ताईंनी, त्यांच्या चुलतभावाला फोन लावला, त्याने आणखी कुणाला, आणि संध्याकाळी निरोप आला की अमुक कावात आज रात्री आहे. "किती वाजता?" मी विचारलं. चेचींनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "रात्री," त्या म्हणाल्या. रिक्षावाल्या चेट्टांनीही, म्हणजे दादांनीही, तेच सांगितलं. आम्ही नऊला पोचलो. पोरं फुग्यांच्या गाडीभोवती, बाया गप्पांत, समितीची माणसं पावत्या फाडण्यात. मांडवात जेवणाच्या पंगती चालू होत्या. आम्हालाही हाताला धरून बसवलं, केळीच्या पानावर भात आला. कोण, कुठल्या, हे जेवून झाल्यावर विचारलं.

मांडवामागे एक आडोसा होता. तिथे तोंड रंगवायचं काम चाललेलं. इथेही माणूस उताणा पडलेला, डोक्याशी दुसरा बसलेला. कोचीच्या चटईची आठवण झालीच. पण इथे ब्रशाच्या जागी नारळाच्या पातीचा हीर होता, टोक चावून मऊ केलेला. तांबड्या-पिवळ्या रंगावर तो काजळाची रेघ ओढत होता, भुवईपासून कानशिलापर्यंत, केसाइतकी बारीक, आणि रेघ पुरी होईस्तोवर श्वास रोखून धरत होता. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च धरलेला. टॉर्च धरणाऱ्या पोराचा हात मध्येच खाली आला की रंगवणारा नुसतं हुं करायचा. ही कामं ठरलेल्या घराण्यांची: वण्णान, मलयन, वेलन अशा जातींची, ज्यांना एरवी गावाने कायम खालच्या पायरीवर उभं केलं. कुठल्या परिसरात तेय्यम कुणी करायचं, याचे पिढीजात हक्क असतात. पोट्टन नावाचं एक तेय्यम आहे, ते जातीचा ताठा मिरवणाऱ्यांना भर अंगणात सवाल करतं आणि निखाऱ्यांच्या ढिगावर आरामात लवंडतं. मुडी चढली, हातात आरसा आला, त्या माणसाने आरशात स्वतःचा चेहरा पाहिला, की त्या क्षणापासून तो देव. ज्यांच्या वाडवडिलांनी त्याच्या वाडवडिलांना अंगणात येऊ दिलं नाही, ते त्याच्यापुढे हात जोडून उभे. सकाळी रंग उतरल्यावर गाव कितपत बदललेलं असतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या रात्री मुडी चढल्यावर, गिरक्या सुरू झाल्यावर, मध्येच चेंडे अडखळले. कोपऱ्यात लाकडी खुर्चीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ ताडकन उठले, हात वर करून त्यांनी वादकांना थांबवलं आणि सगळ्यांदेखत दोन खरमरीत शब्द सुनावले. वादकांनी माना खाली घातल्या. ठेका पुन्हा पहिल्यापासून. बाया आपापसांत कुजबुजल्या, एकीने जीभ चावली. कोचीत नट आणि चेंडेवाला यांच्यामध्येच राहिलेली गोष्ट इथे अख्ख्या अंगणाला कळत होती. त्या अंगणात चूक पकडणारी माणसं होती, चुकलं तर ज्यांचं वर्ष बिघडेल अशी माणसं होती. मला एवढाच काय तो फरक हाती लागला. नाचणाऱ्यात तो नव्हता, बघणाऱ्यांत होता. आणि तसं पाहिलं तर माझ्या येण्याने किंवा न येण्याने तो तसूभरही हलणार नव्हता, फक्त मी कुठे उभी राहते याला महत्त्व होतं.

नाच संपला तेव्हा उजाडायला लागलं होतं. तेय्यम एका पाटावर बसलं आणि लोकांची रांग लागली. बाजूला सरकवलेल्या त्या आजी रांगेत पुढेच होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा तेय्यमने त्यांचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलायला लागलं. मला वाटलं आजी मान डोलावतील, नोट देतील, हळदीचा प्रसाद घेतील. आजी भांडायला लागल्या! बोट नाचवत, आवाज चढवत. देव ऐकून घेत होता, मधूनच काही समजावत होता, आजी पुन्हा मुद्द्यावर येत होत्या. मागची रांग शांत उभी. शेजारच्या बाईंनी मोडक्या हिंदीत मला सांगितलं, "गेल्या वर्षीचं बोललेलं झालं नाही, त्याचा जाब विचारतेय." लेन्सवाला अजून फोटो काढत होता. त्याच्या फोटोत ते फार सुंदर दिसत असेल यात शंका नाही: उगवतीचा उजेड, लाल चेहरा, सुरकुतलेले हात. आजींना त्याच्या असण्याची गंधवार्ताही नव्हती. पुढे उभं राहून बघायची त्यांना गरजच नव्हती मुळी. त्यांचं काम रांगेत होतं.

परवा मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. कंपनीच्या कामाने तिकडे चालली आहे, हातात एक मोकळी रात्र आहे, "मावशी, टुरिस्टी नसलेलं तेय्यम कुठे बघायला मिळेल?" मी तिला परश्शिनिकडव सांगितलं. नदीकाठचं मुत्तप्पनचं देऊळ, तिथे तेय्यम जवळजवळ वर्षभर रोज होतं, जातधर्म कुणी विचारत नाही, दारात कुत्री निवांत झोपलेली असतात कारण ती देवाची लाडकी. नैवेद्य ताडी आणि माशांचा. येणाऱ्या प्रत्येकाला चहा, उकडलेली चवळी आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा. मी तिथे रांगेत उभी राहिले होते तेव्हा मुत्तप्पनने माझाही हात धरून बरंच काही सांगितलं होतं. एक अक्षर कळलं नाही, पण मागच्या बाई हसल्या, म्हणजे काहीतरी थट्टाच असणार. "पण रोज होतं म्हणजे तिथे टुरिस्ट असतीलच ना?" तिने विचारलं. असतील, म्हटलं, तू असशीलच. तिला ते फारसं रुचलं नाही. मग मी तिला कण्णूरच्या चेचींचा नंबर दिला, म्हटलं हंगाम सुरू झालाय, त्या चौकशी करतील, एखाद्या कावात रात्री असेल तर जा, जेवायला बसवलं तर आढेवेढे घेऊ नकोस, फोटो मागे उभी राहून काढ. "रात्री म्हणजे किती वाजता संपेल? सकाळी सातची ट्रेन आहे माझी." मी म्हटलं, ट्रेन बदल. ती म्हणाली, नाही जमणार. मग मुत्तप्पनलाच जा, म्हटलं. संध्याकाळी असतं, आणि तिथून स्टेशन गाठायला तासभर पुरे होतो.